कार्व्हिंगसाठी पहिला चेनसॉ कोणता? 58 सीसीचा घेऊ का?

परसातला_फणस (कुडाळ)
नमस्कार मंडळी. परसातला जुना फणस गेल्या पावसाळ्यात आडवा झाला, ओंडके अजून तसेच पडलेत आणि त्यातून घुबड वगैरे कोरायची फार इच्छा आहे. पटाशीने छोटं काम केलंय पण दोन फुटी ओंडक्यावर पटाशी पुरत नाही. ऑनलाइन 58 सीसीचा, 22 इंची बारवाला (बार म्हणजे चेन फिरते ती पट्टी) चेनसॉ स्वस्तात दिसतोय, घेऊ का? की इलेक्ट्रिक? आणि कार्व्हिंग बार म्हणतात तो पहिल्या दिवसापासून लागतो का?

ओंडकेवाला
58 सीसी नकोच दादा. झाड पाडायला ठीक आहे, पण कोरताना मशीन तासभर हवेत धरून आडवीतिडवी फिरवायची असते, मनगटं भरून येतात आणि दमल्या हाताने चूक होते. 30 ते 35 सीसी आणि 12-14 इंची बार भरपूर झाला. स्टिल (Stihl) कंपनीचा एमएस 170 किंवा 180 बघा, बार-चेन सोडून 4 किलोच्या आसपास वजन, स्पेअर पण मिळतात. कुठलाही घ्या पण चेन ब्रेक (मशीन उसळली की चेन थांबवतो तो) दुकानात लावून बघा, तो नसेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

आता कार्व्हिंग बार. साध्या बारचं टोक रुंद असतं आणि टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते, याला किकबॅक म्हणतात. कार्व्हिंगमध्ये तर काम टोकानेच करायचं असतं. म्हणून डाइम टिप बार, टोक अमेरिकन डाइम नाण्याएवढं, साधारण 18 मिमी, त्याने किकबॅक बराच कमी होतो आणि डोळ्याची खाच, पिसं असलं बारीक काम जमतं. माझ्यावर मशीन एकदाच उसळली, साध्या बारने घाईत एका शिल्पाचा कान कोरत होतो, हेल्मेटच्या जाळीवर तो ओरखडा अजून आहे. जाळी नसती तर आज हे टाइप करत नसतो. त्यामुळे जाळीचं हेल्मेट, कानाला मफ, चेनसॉची पँट किंवा चॅप्स (पँटवरून बांधायचं पायांचं संरक्षण) आणि बूट आधी घ्या, बार नंतर.

रंधा_आणि_कानस
वरच्यांशी सहमत. पण पहिले दोन महिने साध्या बारनेच अळंबी करा, खरंच सांगतो, त्यात टोक लागत नाही. ओंडका उभा पक्का बांधायचा, गोल कापत दांडा काढायचा, वर टोपी, झालं. त्यातून हात बसतो. आणि साल आधी कोयत्याने सोलून काढा, सालीत माती-वाळू बसलेली असते, चेन पाच मिनिटांत बोथट होते.

फणस ओला असेल तर गाभ्यापासून बाहेर तडे जाणारच. घुबडाच्या पाठीमागून गाभ्यापर्यंत एक सरळ काप देऊन ठेवा, लाकूड आकसलं की तो काप उघडतो आणि चेहरा बऱ्यापैकी वाचतो.

इलेक्ट्रिक घराजवळ छान, धूर नाही, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइलचं मिश्रण करायची कटकट नाही. पण आमच्याकडे व्होल्टेज पडतं, लांब बारीक वायरवर मोटर गरम होते.

परसातला_फणस
खूप आभार, 58 सीसी रद्द. नंतर डाइम बार घेतला तर चेन तीच चालेल ना?

ओंडकेवाला
नाही हो, इथेच लोक फसतात. त्या बारला 1/4 इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन लागते आणि एमएस 170 ला येते 3/8 पिको मापाची, म्हणजे क्लचजवळचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) पण 1/4 चा बदलावा लागतो. बार, चेन, स्प्रॉकेट तिन्ही एकाच वेळी मागवा. डाइमच्या टोकाला फिरती चक्री नसते, चेन घासत जाते, म्हणून तेल भरपूर सोडा आणि चेन नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा. धार लावायची कानस मात्र दोन्ही चेनना 4 मिमीची गोलच चालते, ती आजच घेऊन ठेवा.