स्कायलाइन जीटी-आरचं मूळ १९६४ चं की १९६९ चं?

तेलकट_हात:
जीटी-आर, म्हणजे निस्सानच्या स्कायलाइनची वेगवान आवृत्ती, तिचा विषय निघाला की लोक जपानच्या सुझुका ट्रॅकवर जाऊन थांबतात. मे १९६४, दुसरी जपान ग्रां प्री. प्रिन्स कंपनीने १५०० सीसी स्कायलाइनचं नाक वीस सेंटिमीटर वाढवून त्यात आपल्याच ग्लोरिया गाडीचं दोन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन बसवलं. नियमापुरत्या अशा शंभर गाड्या बनवल्या. स्कायलाइनचा ड्रायव्हर तेत्सु इकुझावाने पोर्शे ९०४ ला मागे टाकून जेमतेम एका फेरीपुरती आघाडी घेतली, तेवढ्यावर दंतकथा उभी! जिंकली पोर्शेच ना? माझ्या मते खरा जन्म फेब्रुवारी १९६९ चा. एस२० इंजिन, २४ व्हॉल्व्ह, १६० अश्वशक्ती.

बोनेटखाली:
साफ असहमत. ९०४ म्हणजे मध्ये इंजिन, फायबरग्लासची बॉडी, शर्यतीसाठीच घडवलेली. तिच्यामागे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत ओळीने स्कायलाइन, म्हणजे चार दारांची घरगुती सेडान! या पराभवातूनच प्रिन्सने आर३८० ही गाडी बनवली, १९६६ ला फुजी ट्रॅकवर ग्रां प्री मारली. त्या गाडीच्या इंजिनाचा अनुभव नसता तर तुमचं एस२० आलं कुठून?

तेलकट_हात:
आर३८० चा मुद्दा मान्य. पण ती शर्यतीची गाडी. गिऱ्हाइकाला विकत मिळाली ती १९६९ लाच.

वाकडं_शेपूट:
दोघेही निस्सानचं गुणगान गाताय. १९६६ च्या ऑगस्टमध्ये निस्सानने प्रिन्स गिळली, इंजिनिअर आयते मिळाले, स्कायलाइन घडवणाऱ्या सकुराई शिनइचिरोंसकट. आयत्या बिळावर नागोबा! आणि जीटी-आरचे ते शर्यतीतले पन्नास विजय सांगतात ते? पहिलाच बघा. मे १९६९ ला रेषा आधी ओलांडली टोयोटा १६०० जीटीने. तिला दंड झाला म्हणून जीटी-आर पहिली.

बोनेटखाली:
एका दंडावरून बाकीचे विजय खोटे ठरतात का? १९७० ला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ७० मिलिमीटरने कमी करून दोन दारांची हार्डटॉप आणली, कशासाठी? वळणावर चपळाई हवी म्हणून. पुढे माझदाच्या रोटरी गाड्यांनी घाम फोडला, तेही खरं.

वाकडं_शेपूट:
आणि घाम फुटल्यावर? १९७३ ची जीटी-आर, टोपणनाव केनमेरी, १९७ गाड्या, शर्यतीत एकदाही नाही. नुसता बिल्ला. पुढचा जीटी-आर थेट १९८९ ला. सलग वारसा म्हणता तो मधली सोळा वर्षं कुठे होता?

तेलकट_हात:
हा प्रश्न मात्र बिनतोड. तरी त्या १९८९ च्या जीटी-आरने, म्हणजे आर३२ ने, १९९० ते ९३ जपानच्या ग्रुप ए या टूरिंग कार शर्यतींमध्ये २९ पैकी २९ शर्यती मारल्या. नुसत्या बिल्ल्याने हे होत नाही.