खाजगी विक्रेत्याकडून घेतलेली जुनी हिऱ्याची अंगठी : आपले अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव (धागा काढणारी)

पुढच्या महिन्यात आमच्या पुतण्याचा साखरपुडा आहे. सोन्याचा भाव पाहून नव्या हिऱ्याच्या अंगठीचा विचार आम्ही दोनदा केला आणि दोनदा सोडून दिला. मग जुन्या वस्तूंच्या जाहिराती पाहू लागले, तेव्हा लक्षात आले की गोकाक, चिक्कोडी, निपाणी, इतकेच काय सीमेपलीकडच्या गडहिंग्लज-कोल्हापुरातूनही लोक घरातल्या अंगठ्या दुकानदाराला न देता थेट विकायला काढत आहेत. त्यांपैकी एका अंगठीसाठी मी पैसे मोजण्यापर्यंत पोहोचले होते, म्हणून आधी माझे सांगते.

विक्रेते गोकाकचे होते. एकच खडा, ३० सेंटचा (सेंट म्हणजे हिऱ्याच्या कॅरेटचा शंभरावा भाग), १८ कॅरेट सोन्यात, किंमत ५५,००० रुपये आणि सोबत हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्राचा क्रमांक मी घरीच त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर घालून पाहिला होता. रंग, शुद्धता, वजन सगळे जुळत होते. शहापुरातल्या आमच्या नेहमीच्या सराफांकडे भेटायचे ठरले आणि ते गृहस्थही कुरकुर न करता आले. सराफांनी अंगठी पुसली, आयग्लास (सराफी भिंग) डोळ्याला लावला, मग ड्रॉवरमधून छोटे मापक काढून खड्याचा व्यास मोजला आणि पुन्हा मोजला. प्रमाणपत्रावर ४.३१ मिलिमीटर लिहिले होते, मापक ४.६ दाखवत होते. "वहिनी, कागद खरा आहे," ते म्हणाले, "पण तो या खड्याचा नाही." गोकाकच्या गृहस्थांचा चेहरा उतरला. अंगठी त्यांना मेव्हण्याकडून मिळाली होती म्हणे, आणि मला तरी ते खोटे बोलत आहेत असे वाटले नाही. चहा झाला, मी पिशवीचे तोंड पुन्हा बांधले आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

आपण अंगठी कुठे पाहिलीत, पैसे कसे दिलेत आणि नंतर काय झाले, ते सविस्तर लिहावे. दुकानांची आणि माणसांची नावे मात्र कृपया लिहू नयेत.

निपाणी (माध्यमिक शिक्षक)

मी गणित शिकवतो, हे मुद्दाम आधीच लिहून ठेवतो.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडे गल्लीगणिक एखादा फौजी असतोच, आणि फौजी माणसाच्या शब्दावर आपण फार विचार न करता विश्वास ठेवतो. माझ्याशी फोनवर बोलणाऱ्याने नेमका हाच विश्वास वापरला. आपली बदली झाली आहे, पत्नीची अंगठी घाईने विकायची आहे, म्हणून ३५,००० रुपयांत देतो, असे त्याने सांगितले आणि गणवेशातील छायाचित्रासह ओळखपत्राची प्रत पाठवली. ते ओळखपत्र कोणाचे होते, देव जाणे. भेटायचे म्हटले की तो छावणीतून बाहेर पडण्यास परवानगी नाही असे सांगे; वस्तू मात्र कुरिअरने येणार होती. त्यासाठी मी २,१५० रुपये पाठवले. मग विम्यापोटी, परत मिळणारे म्हणून, ८,५०० रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने ही सगळी रक्कम परत करतो म्हणून एक क्यूआर कोड पाठवला, तो मी स्कॅन केला आणि पिन टाकला. १०,६५० रुपये यायचे होते ते तितकेच पुन्हा गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मी वर्गात मुलांना सांगितलेले आहे.

अर्ध्या तासाच्या आत सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केल्यामुळे शेवटची रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली आणि काही महिन्यांनी मला परत मिळाली. आधीच्या दोन रकमा गेल्या त्या गेल्याच. अंगठीचे म्हणाल तर ती मी छायाचित्राखेरीज कधी पाहिलीच नाही.

शहापूर, बेळगाव (खडे जडवण्याचे काम करणारा)

ताई, तुमच्या सराफांनी व्यास मोजला हे वाचून बरे वाटले, कारण बहुतेक ठिकाणी पेनासारखे यंत्र खड्याला टेकवतात, ते 'टीं' वाजले की हिरा खरा असे सांगून मोकळे होतात. ते यंत्र खडा उष्णता किती वेगाने वाहून नेतो एवढेच पाहते. अमेरिकन डायमंड त्यात लगेच सापडतो, पण मॉयसनाइट नावाचा खडा उष्णता जवळजवळ हिऱ्यासारखीच नेत असल्यामुळे साध्या यंत्राला चकवतो. तुमच्या गोकाकच्या अंगठीत बहुधा तोच असावा. त्याची ओळख भिंगातच पटते : दहापट दाखवणाऱ्या आयग्लासमधून खडा थोडा तिरपा धरून आत पाहिले, तर मागच्या पैलूंच्या कडा जोडीने, एकास एक लागून दोन दोन दिसतात. हिऱ्यात कडा एकेरीच दिसते. एकदा डोळ्याला हे कळले की पुन्हा विसरत नाही.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याची. तो खोटा नाही, तोही कार्बनच आहे, आणि आमच्या आयग्लासला किंवा साध्या यंत्राला तो खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. त्यासाठी मुंबई-सुरतेच्या प्रयोगशाळेचीच गरज पडते. किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्याच्या तुलनेत अगदी थोडी, आणि ती गेल्या काही वर्षांत आणखी उतरली आहे. म्हणून प्रमाणपत्रावर खड्याच्या वर्णनाची ओळ नीट वाचावी, नुसता वर छापलेला शिक्का पाहू नये. मोठ्या प्रयोगशाळा बऱ्याच खड्यांच्या कडेवर लेसरने प्रमाणपत्राचा क्रमांक कोरतात. तो खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखाखाली लपलेला नसेल तर भिंगाने वाचता येतो, आणि कागद व खडा एकमेकांचे आहेत की नाहीत हे त्यावरून सर्वांत आधी कळते.

आता हिशेब. गिऱ्हाईक अंगठीचे पूर्ण वजन सोने समजते. हिऱ्याचा कॅरेट हे वजन आहे, सोन्याच्या कॅरेटसारखी शुद्धता नव्हे : एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचे शंभर सेंट, म्हणजे ३० सेंटचा खडा अवघा ०.०६ ग्रॅम भरतो. अंगठी ३.४८० ग्रॅमची असेल तर सोने ३.४२० ग्रॅम, आणि ते १८ कॅरेटचे, म्हणजे ७५ टक्के, म्हणून शुद्ध सोने २.५६५ ग्रॅम. त्या दिवशीच्या २४ कॅरेटच्या दराने याला गुणले की सोन्याची किंमत निघते. बिलातली घडणावळ, ३ टक्के जीएसटी आणि दुकानाचा नफा विक्रेत्याच्या खिशातून केव्हाच गेलेले असतात. ते तुम्ही भरून द्यावेत अशी त्याची अपेक्षा असते, आणि घासाघीस खरी तिथेच होते. उरलेली किंमत खड्याची. सोन्याला मोडीचा भाव रोज जाहीर होतो, हिऱ्याला तसा नसतो. ज्या दुकानाचे बिल आहे ते दुकान काही टक्के कापून परत घेते, इतर दुकाने बहुतेक वेळा हात लावत नाहीत.

आत ७५० (१८ कॅरेटची खूण) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक) कोरलेला असेल तर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून पाहावा. हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून दुकानातल्या विक्रीसाठी सक्तीचा झाला, त्यामुळे आधीच्या अंगठीवर तो नसला तरी लगेच संशय घेऊ नये. शिवाय दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्तीच नाही. अशा वेळी यंत्रावर टंच (सोन्याची शुद्धता) काढून घ्यावा. जुन्या, मागून बंद कोंदणाच्या अंगठीत खड्याखाली चकाकता पत्रा घातलेला असतो, त्यामुळे पिवळट खडाही पांढरा दिसतो. खडा उघडून पाहू देणार नसतील तर हिऱ्याचे पैसे देऊ नयेत. आणि घेण्यापूर्वी अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकी टिचकी मारावी. नखे झिजून खडा सैल झाला असेल तर तो किणकिणतो.

एक आजोबा परवा सांगत होते की खरा हिरा हातोड्याने फुटत नाही, मारून बघा. कृपा करून कोणी मारू नका. हिरा कठीण आहे याचा अर्थ त्याच्यावर ओरखडा उठत नाही एवढाच. ठराविक दिशेने घाव बसला तर त्याचे तुकडे होतात.

टिळकवाडी

दादा, घरगुती विक्रेत्यासमोर इतका वेळ भिंग लावून बसणे मला अवघड वाटले असते. समोरचा माणूस दुखावेल, असे वाटत राहते.

शहापूर

ताई, दुखावला तर तेवढ्याने व्यवहार मोडत नाही. तुम्ही निवडलेल्या दुकानात, तुम्ही निवडलेल्या वेळी जो यायला तयार होतो, त्याच्या अंगठीत दोष निघाला तरी बोलणे होऊ शकते. जो यायलाच तयार नसतो, त्याची अंगठी मी तरी पाहायला जात नाही.

खानापूर (गृहिणी)

आमचा अनुभव चांगला आहे आणि थोडक्यात आहे. निवृत्त झालेल्या एका बाईंकडून २०२२ मध्ये सात बारीक खड्यांची अंगठी घेतली. मूळ बिल, प्रमाणपत्र आणि त्यांच्या हातची विक्रीची पावती, असे सगळे मिळाले. अडले ते आमच्या सासूबाईंपाशी. दुसऱ्याचा हिरा लाभत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी अंगठी तीन दिवस देवापुढे ठेवायची, त्या काळात घरात काही विपरीत घडले तर परत करायची, असे ठरले आणि त्या बाईंनी हसत हसत तेही मान्य केले. तिसऱ्या दिवशी म्हैस व्याली. त्यानंतर सासूबाई काही बोलल्या नाहीत.

संकेश्वर (वाहतूक व्यवसाय)

कोगनोळी टोलनाक्याजवळच्या एका हॉटेलात मी ४०,००० रुपयांना अंगठी घेतली. बिल हरवले आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. सोने तपासून घेतले, हिराही तपासून घेतला आणि दोन्ही उत्तम निघाले. दोन महिन्यांनी त्याच माणसाला घेऊन महाराष्ट्राचे पोलीस दारात उभे राहिले, कारण अंगठी घरफोडीतली होती.

चोराकडे मालकी नसतेच, त्यामुळे त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ती मिळत नाही, असे वस्तुविक्रीचा १९३० सालचा कायदा सांगतो. आणि चोरीची वस्तू जाणूनबुजून घेतली असे ठरले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणारासुद्धा आरोपी होतो. मी वाचलो ते दोन गोष्टींमुळे. पैसे रोख न देता त्याच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआयने दिले होते, आणि भाव बाजारापेक्षा फार कमी नव्हता, हे आमच्या संभाषणावरून दिसत होते. त्यामुळे मी साक्षीदार झालो. अंगठी मुद्देमाल म्हणून गेली. इकडच्या ठाण्यातील नोंद कन्नडमध्ये होती. मला बोलता येते पण वाचता येत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी शेजारच्या किराणा दुकानदाराला बोलावून ती ओळ न ओळ वाचून घेतली. पोलिसांना ते फारसे आवडले नाही.

त्यानंतर विक्रेत्याकडून मी साध्या कागदावर लिहून घेतो : वस्तूचे वजन, खड्यांची संख्या, ती त्याच्याकडे कशी आली, ओळखपत्राची प्रत आणि दोन सह्या. जुन्या गाडीसाठी आपण इतके करतो, मग अंगठीसाठी का लाजतो, ते मलाच कळत नाही.

अथणी (विक्रेती)

इथे सगळे घेणाऱ्यांचेच अनुभव आहेत, म्हणून विकणारीचा लिहिते. माझे लग्न टिकले नाही. सासरकडून साखरपुड्यात मिळालेली अंगठी मी गेल्या वर्षी विकायला काढली. पहिल्या आठवड्यात आलेल्या फोनांपैकी एकाने ती आईला दाखवायला घरी नेऊ का, असे विचारले. दुसऱ्याने अंगठी तुमचीच कशावरून, म्हणून लग्नाचा फोटो मागितला. फोटो मी दिला नाही. त्या अंगठीखेरीज त्या दिवसाचे काहीच मी ठेवलेले नाही.

वडगावची एक मुलगी मात्र सरळ म्हणाली की आपण मिरजेच्या सराफाकडे भेटू आणि येताना प्रमाणपत्र आणा. सहा वर्षे ते प्रमाणपत्र माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पाकिटात होते. ते इंग्रजीत होते आणि त्यावर सोनेरी शिक्का होता, म्हणून आमच्यापैकी कोणी ते वाचलेच नव्हते. तिने ते काउंटरवर ठेवून मोठ्याने वाचले. वजन, रंग, शुद्धता, आणि मध्येच ती थांबली. खडा प्रयोगशाळेत तयार केलेला होता. आमच्या घरी साखरपुड्यात तो खाणीतला म्हणून सांगितला गेला होता आणि माझ्या बाबांनी त्याच्या तोलाचा आहेर केला होता. सराफ काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त अंगठी माझ्याकडे सरकवली.

मी ५०,००० रुपये सांगितले होते. त्या मुलीने आधी घासाघीस केली नाही. तिने सोन्याचे वजन विचारले, कागदावर हिशेब मांडला आणि त्या रकमेवर खड्याचे म्हणून ४,००० रुपये अधिक लिहून कागद माझ्यापुढे ठेवला. तो आकडा योग्य होता. पैसे खात्यावर आले, पावतीवर सह्या झाल्या. पावतीत 'प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा' हे शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले.