बोट कुणाची? क्रूझचे मालक आणि आपले अनुभव

रत्नागिरीहून, धागा सुरू करताना

क्रूझचा जगभरातला धंदा बघता बघता तीन-चार घरांत येऊन बसला आहे. कार्निव्हलने 1989 मध्ये हॉलंड अमेरिका घेतली, मग कोस्टा, मग क्युनार्ड आणि 2003 मध्ये पी अँड ओ प्रिन्सेस. ही शेवटची तर रॉयल कॅरिबियनच्या हातातोंडाशी आलेली होती, ती ओढून नेली. रॉयल कॅरिबियनने 1997 मध्ये सेलिब्रिटी घेतली होती, 2018 मध्ये सिल्व्हरसीचा मोठा हिस्सा घेतला. नॉर्वेजियनने 2014 मध्ये ओशनिया आणि रीजंट एकाच व्यवहारात उचलल्या. चौथी एमएससी, एका कुटुंबाची. तिने इतरांना विकत घेण्यापेक्षा नव्या बोटी बांधण्यावर भर दिला.

पाट्या मात्र बहुतेक जुन्याच राहिल्या. जाहिराती बघणाऱ्याला वाटतं, बाजारात डझनभर कंपन्या एकमेकींशी भांडतायत.

आपल्याकडे कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी बोटीवर आहे आणि आता मुलांच्या कृपेने आई-वडीलही बोटीवर फिरून येतात. म्हणून विचारतोय: मालक एक झाल्याचं तुम्हाला कधी जाणवलं? कसं? प्रवासी, खलाशी, एजंट, जुन्या कोकण बोटीचे प्रवासी, सगळ्यांनी लिहा. शेअर बाजाराचं ज्ञान नको, ते बाहेर पुष्कळ मिळतं. नावगाव द्यायची सक्ती नाही. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांचं नावही नको.

वेंगुर्ल्याहून, निवृत्त शिक्षिका

आमची लेक सिएटलला असते. तिने आम्हा दोघांना अलास्काची सहल घडवली, प्रिन्सेसची. योगायोगाने आमचे व्याही त्याच आठवड्यात हॉलंड अमेरिकेने निघाले होते. व्याहीबुवांचा फोनवर एकच घोष: आमची कंपनी जुनी, डच वळणाची, शिस्तीची, तुमची आपली टीव्हीवरच्या झगमगाटाची. आमचे हे ऐकून घेत, पण मनातून चिडलेले.

बोटीचा भाग संपल्यावर देनालीच्या बाजूला आगगाडीने नेतात. काचेच्या छताचे उंच डबे, बाहेर बर्फाचे डोंगर. स्टेशनवर बघते तर व्याही आणि विहीणबाई समोर उभ्या! त्यांचे डबे वेगळ्या रंगाचे, आमचे वेगळ्या, पण पुढे इंजिन एकच. ह्यांनी गाडीतल्या मुलीला विचारलं, हे कसं काय? ती सहज म्हणाली, दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या, जमिनीवरची व्यवस्था एकत्रच बघितली जाते. व्याहीबुवा दुपारच्या जेवणापर्यंत गप्प होते.

फसवल्यासारखं वाटलं का, तर नाही. खोली छान, जेवण छान, माणसं अदबीची. पण लेकीने बुकिंगच्या वेळी ह्या कंपनीचा दर त्या कंपनीला दाखवून पुष्कळ घासाघीस केली होती आणि थोडे पैसे सुटल्यावर तिला केवढा आनंद झाला होता! एका खिशातल्या माणसाला दुसऱ्या खिशाचा धाक घालत होतो आम्ही.

मालवणहून, बोटीवरचो कुक (आता नाय)

माझो अनुभव वायलो आसा. मी गॅलीत होतंय. पयलो भांडी घासली, मगे कुक झालंय. आदी शेफ आपल्या मनान रांधी, कोकणातलो कोण आसलो तर आमका आमच्या पद्धतीची आमटी करूक दी. मगे सगळ्या बोटींक एकच पुस्तक इला. मीठ किती, मसालो किती, सगळा ग्रॅमान. चव खराब नाय हां, पण खंयच्याय बोटीर गेलास तरी तीच.

आता मुद्द्याचा सांगतंय. माझा एका सुपरवायझराशी वाजला. कॉन्ट्रॅक्ट सोपला, परत बोलवल्यानी नाय. म्हटलंय, ऱ्हवांदे, दुसऱ्या कंपनीत भरतंय. मुंबयच्या एजंटान पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचो दाखलो) सगळा बघल्यान, कॉम्प्युटरात नाव घातल्यान आणि माका म्हणता, अरे, ही पण त्यांचीच. तिसरी सांगितलंय, तीय त्यांचीच. आता गोव्यात हॉटेलात आसंय.

देवगडहून, इंजिनरूममध्ये काम करणारा

मालवणच्या भावाचं म्हणणं मी खोडत नाही. पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. माझी बोट जुनी झाली म्हणून ताफ्यातून काढली. त्याच मालकाच्या दुसऱ्या पाटीच्या बोटीवर मला घेतलं, हुद्दा तोच, पगार तोच, नवी मेडिकल तेवढी करावी लागली. माझा एक मित्र लहान कंपनीत होता. बोट एकच, मालक एकच. करोनात बोट उभी राहिली, कंपनी बसली आणि त्याचा पगार अडकला तो अडकलाच. मोठ्यांनीही तेव्हा आम्हाला घरीच बसवलं होतं, पैसे कुणी पाठवत नव्हतं. पण पुन्हा बोलावणं आलं ते मोठ्यांकडूनच.

आमच्या गावात बोटीवर जाणाऱ्या मुलाचं लग्न ठरवताना आता कंपनीचं नाव विचारतात आणि मग वर कोण आहे तेही विचारतात. अतिशयोक्ती वाटेल, पण खरं आहे.

हर्णैहून, बोटींचा नाद असलेला

प्रवाशांपेक्षा बोटीच्या नजरेने बघा, मग हे एकत्रीकरण म्हणजे काय ते समजतं. मुंबईहून 2019 मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ सुरू झाली, आठवतं? गोव्याला जाताना ती आमच्या समुद्रातून, लांबून जायची. रात्री दिव्यांची एक ओळ दिसायची. तिची कुंडली मी काढली आहे.

ती मुळात सिटमार नावाच्या कंपनीने इटलीत बांधायला टाकली. बांधून व्हायच्या आत, 1988 मध्ये, प्रिन्सेसची तेव्हाची मालक असलेल्या पी अँड ओने सिटमारच घेतली. म्हणून 1990 मध्ये बोट सेवेत आली ती ‘क्राउन प्रिन्सेस’ होऊन. रेंझो पियानो ह्या नामांकित वास्तुविशारदाने तिचा वरचा भाग आखला होता, पुढून डॉल्फिनच्या डोक्यासारखा. 2002 मध्ये तिला जर्मन प्रवाशांसाठी ‘आरोझा ब्लू’ केली. मग कार्निव्हलचं राज्य आलं. 2004 मध्ये ती ‘आयडा ब्लू’, 2007 मध्ये इंग्रजांसाठी ‘ओशन व्हिलेज टू’, 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्वेल’. एकाच घरातल्या सुना दागिने बदलून घालतात तशी बोट ह्या पाटीकडून त्या पाटीकडे. प्रत्येक वेळी नवा रंग, नवी जाहिरात, नवं ‘आमचं वैशिष्ट्य’. शेवटी घराबाहेर विकली, आपल्याकडे आली, ‘कर्णिका’ झाली. वर्षभरात करोना. 2020 च्या अखेरीस अलंगला तोडायला.

2005 मध्ये मुंबईला आलेली ‘सुपरस्टार लिब्रा’ही अशीच. मूळची नॉर्वेजियनची, 1988 ची. आशियातल्या स्टार क्रूझेसने 2000 मध्ये नॉर्वेजियनच ताब्यात घेतली आणि पुढे ही बोट धाकट्या गल्लीत, म्हणजे आपल्या आशियातल्या ताफ्यात, पाठवून दिली. आणि आज मुंबई-गोवा करणारी ‘कॉर्डेलिया एम्प्रेस’ ही 1990 ची, रॉयल कॅरिबियनची. मोठ्या घरांत नवीन बोटी आल्या की जुन्या खाली सरकतात आणि सरकत सरकत आपल्यापर्यंत येतात. मला ह्यात कमीपणा वाटत नाही, जुन्या बोटींवर पितळ आणि लाकूड खरं असतं. तिकिटाच्या जाहिरातीत मात्र जन्मसाल कुणी छापत नाही.

रत्नागिरीहून पुन्हा मी

हर्णैकर, सुनांचं उदाहरण वाचून इथल्या दोन वहिनी रागावल्या आहेत. बाकी कुंडली फर्मास.

सावंतवाडीहून, एक आई

मुलाने टाइप करून दिलंय. मोठा मुलगा तेव्हा क्रूझवर होता, कॅबिन स्टुअर्ड. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून आडवी झाली, 32 माणसं गेली. त्या बोटीवर आपल्या देशातले पुष्कळ खलाशी होते. टीव्हीवर ती कलंडलेली बोट दिसली आणि मी देवासमोर बसले. शेजारच्या काकांनी नाव वाचून सांगितलं, वहिनी, ही तुमच्या बाबूची कंपनी नव्हे, ही इटलीची. जीव भांड्यात पडला.

रात्री त्यांचाच मुलगा आला. म्हणाला, मावशी, मालक तोच आहे, कार्निव्हल. त्याने काळजी म्हणून सांगितलं असेल, पण माझी झोप गेली. बाबूचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो दुसऱ्याच समुद्रात होता. त्याला म्हटलं, तुमच्या मालकाची बोट बुडाली ना? तो म्हणाला, आई, आम्हाला त्या लोकांची नावंही माहीत नाहीत. पण त्यानंतर त्यांच्या बोटीवर प्रवासी चढले की निघण्याआधीच लाइफजॅकेटची कवायत घ्यायला लागले, तो सांगायचा. पूर्वी कुठे कुठे निघाल्यावर एक दिवसाने घेतली तरी चालायची. तो नियम सगळ्याच कंपन्यांनी लावला म्हणे, वेगवेगळ्या मालकांनीसुद्धा.

विजयदुर्गहून, ऐंशी पार केलेला

तुम्ही सगळे बाहेरच्या बोटींचं लिहिताय. आमच्या किनाऱ्यावर हा प्रकार होऊन गेला आहे. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘शेफर्डची बोट’ असायची, म्हणजे इंग्रज कंपनीची. तिच्याशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या काळात आपल्या लोकांची सहकारी बोट कंपनी निघाली, ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत तिला. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली ‘रामदास’ त्याच कंपनीची. दोन कंपन्या होत्या तेव्हा बंदरावर चुरस असे, असं वडील सांगत. पुढे शेफर्डची बोट सिंदिया कंपनीकडे गेली, साठच्या दशकात चौगुल्यांच्या बोटी आल्या, 1973 मध्ये सरकारने कायदा करून कोकणच्या प्रवासी बोटी ताब्यात घेतल्या, सरकारी मोगल लाइनने चालवल्या. 1986 मध्ये मोगल लाइनच शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन.

प्रवासी म्हणून सांगतो, मालक बदलल्याचं आम्हाला डेकवर काडीचंही कळलं नाही. भाऊच्या धक्क्यावर तीच झुंबड, वळकट्या, ट्रंका, कोंबड्या. बोट लागली की लिंबू हुंगायचं. रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं करत पणजी. बंदरात बोट लांब उभी राही, पडावातून उतरायचं, पोरांना वरून खाली अक्षरशः झेलायचे. पावसाळ्यात सगळं बंद.

फरक पडला तो शेवटी. एकच मालक उरला, त्याच्याकडे दुसरी कामं मोठी होती, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोट बंद झाली. तेव्हा विचारायला दुसरी कंपनी नव्हती. एसटी होती म्हणून निभावलं, रेल्वे यायला नव्वदचं दशक सरत आलं. नव्वदच्या दशकातच दमानियांची कॅटामरान धावली, पण ती मुंबई-गोवा थेट, आमच्या बंदरांना तिचा काय उपयोग. 2018 ची ‘आंग्रिया’ तशीच. नाव आमच्या सरखेलांचं, आणि विजयदुर्गला थांबा नव्हता!

दाभोळहून

आजोबांना नमस्कार. आमच्याकडची जंगल जेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, बघा. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे सुरू झाली, आता वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ अशा खाड्यांवरही तीच कंपनी. आम्ही खूश आहोत. गाडीसकट पलीकडे, वळसा वाचतो. एका मालकाचं मला काही दुःख नाही. फक्त दुरुस्तीसाठी बोट बाजूला काढली की रांगेत उभं राहून सगळेच एकमेकांना विचारतात, दुसरं काही आहे का?

चिपळूणहून

मालक कोणी का असेना. वाय-फाय महाग, टिप आपोआप बिलात, आणि सुरमई म्हणून काहीतरी गोरा मासा देतात. हे सगळ्या कंपन्यांत सारखंच आहे.

कुडाळहून, ट्रॅव्हल एजंट

चिपळूणकरांनी नेमकं सांगितलं. बुकिंग करणाऱ्याच्या खुर्चीतून बघतो तेव्हा नियम सारखे होत गेलेले दिसतात. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे कापायचे, टिप किती लावायची, अ‍ॅडव्हान्स कधी बुडतो, हे पूर्वी कंपनीगणिक वेगळं असायचं. एका गिऱ्हाइकाचं बायपास ऐन वेळी ठरलं, तेव्हा मी एका कंपनीकडे विनवण्या केल्या. तिथल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या हातात काही नाही, हे ‘ग्रुपचं धोरण’ आहे. पूर्वी निदान मॅनेजरला फोन लावता यायचा.

पण नाव जाण्याचं दुःखही खरं असतं. मूळचं गुहागरचं एक कुटुंब ब्रिस्बेनला आहे, त्यांचं बुकिंग हौसेने मीच बघतो. दरवर्षी पी अँड ओ ऑस्ट्रेलिया. मार्च 2025 मध्ये कार्निव्हलने ती पाटीच मिटवली, ‘पॅसिफिक एन्काउंटर’ची ‘कार्निव्हल एन्काउंटर’ झाली. बोट तीच. त्यांच्या आजी म्हणतात, आता नको, दुसरं काहीतरी बघ. मी समजावलं की आजी, मालक आधीपासून हाच होता. आजींचं उत्तर: मग इतकी वर्षं बोलला का नाही?

दापोलीहून, विचारणा

पुढच्या हिवाळ्यात आई-बाबांना पाठवायचं आहे. बुकिंगआधी खरा मालक कसा कळतो?

कुडाळहून

ताई, जाहिरातीत शोधू नका. तिकिटाबरोबर कराराच्या अटी येतात, त्यांच्या शेवटी बारीक अक्षरात कंपनीचं पूर्ण नाव असतं आणि वाद झाल्यास कुठल्या देशाच्या, कुठल्या शहरातल्या कोर्टात जायचं तेही. ते शहर मायामी निघालं तर तिथे जाऊन भांडणं आपल्याला जमायचं नाही, म्हणून बाबांचा विमा इथूनच, भारतीय कंपनीचा आणि आजारपणाने सहल रद्द झाली तरी पैसे देणारा घ्या. बोटीच्या जन्मसालाचं हर्णैकरांना विचारा, ते रात्रीसुद्धा उत्तर देतात.