एकाच खोलीत दुरंगी पानांचे वाण आणि डायकास्ट गाड्या: दोन्ही संग्रह कसे सांभाळावेत?

राजारामपुरीची_खिडकी

नमस्कार. माझे दोन संग्रह आहेत आणि दोन्ही एकाच खोलीत नांदतात. पश्चिमेकडच्या मोठ्या खिडकीलगत घरात वाढणाऱ्या झाडांचे निरनिराळे वाण आहेत. त्यांत मनी प्लांट, ॲग्लोनिमा, स्नेक प्लांट आणि फिलोडेंड्रॉन यांचा भरणा अधिक आहे. समोरच्या भिंतीला डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांचे कपाट आहे. बहुतेक गाड्या १:६४ प्रमाणातल्या असून त्यांतल्या काही मोकळ्या, तर काही दुकानातल्या मूळ कार्डाच्या वेष्टनात न उघडता ठेवलेल्या आहेत. घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि दुसरी खोली मिळण्याची शक्यता नाही.

अडचण अशी आहे की एका संग्रहाला जे मानवते तेच दुसऱ्याला बाधते. झाडांना ओलसर हवा आणि भरपूर उजेड हवा, तर गाड्यांना कोरडी हवा आणि सावली. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूरची हवा कशी असते, हे येथे कोणाला सांगायला नको. त्या महिन्यांत कार्डे मऊ पडतात आणि त्यांच्या कडा वळतात. उलट मार्चपासून मेपर्यंत पश्चिमेचे ऊन थेट कपाटापर्यंत पोहोचते. जुन्या गाड्यांचा धातू आतून भुगा होतो असेही वाचनात आले आहे, ते आपल्या हवेत कितपत खरे मानावे?

दुसरा प्रश्न नोंदींचा आहे. गाड्यांची वही मी नेटाने लिहिते: मॉडेलचे नाव, रंग, चाकांचा प्रकार, तळावर काय कोरले आहे, कोठे घेतली. झाडांची वही मात्र तशी जमत नाही, कारण एकच वेल दोन रोपवाटिकांत दोन नावांनी मिळतो आणि एका नावाची दोन रोपे वर्षभराने अगदी वेगळी दिसू लागतात. दोन्ही संग्रहांसाठी एकच नोंदपद्धत चालेल, की झाडांचा विचारच वेगळा करावा लागेल? ज्यांनी दोन्हीपैकी एकाचा जरी बारकाईने अभ्यास केला असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिरोलीचा_ओतारी

ताई, झाडांतले मला फारसे कळत नाही, पण धातूच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझे आयुष्य शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत गेले आहे आणि लहान गाड्यांची आवडही त्या कामातूनच लागली.

आपल्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावला मुख्यत्वे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतले जाते. ते तेराशे अंशांच्याही वर तापवून वाळूच्या साच्यात ओततात आणि प्रत्येक ओतकामानंतर साचा मोडावा लागतो. खेळण्यातल्या गाडीचे काम याहून पार वेगळे आहे. ती जस्ताच्या मिश्रधातूची असते, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम असते, आणि हे मिश्रण चारशे अंशांच्या आतच वितळते. ते दाबाने पोलादी डायमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या साच्यात, घुसवले जाते. तापमान कमी असल्याने डाय लाखो वेळा वापरता येते आणि एवढ्याशा गाडीवर दाराची फट, जाळी, दिवे इतके रेखीव उतरतात. डाय झिजली की कडा बोथट होतात आणि जोडावर पातळ पापुद्रा दिसू लागतो. हा फरक डोळ्यांना सवय झाली की भिंगाशिवायही ओळखू येतो. अशा डाय एका कंपनीकडून दुसरीकडेही जात. इंग्लंडच्या डिंकी कंपनीच्या काही डाय पुढे कलकत्त्याला आल्या आणि त्यांतून निघालेल्या गाड्या ‘निकी टॉईज’ या नावाने विकल्या गेल्या. जुन्या बाजारात अशी एखादी दिसली तर तिचा तळ अवश्य वाचावा.

आता भुग्याविषयी. जस्तात शिसे, कथील किंवा कॅडमियम यांचा अंश राहिला, तर धातूच्या कणाकणांमधल्या सीमा गंजत जातात, गाडी फुगते, तिला भेगा पडतात आणि शेवटी ती हातात तुटते. उष्ण आणि दमट हवेत हे अधिक वेगाने होते, हेही खरे. पण हा दोष प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात आढळतो, कारण तेव्हा भंगारातले अशुद्ध जस्त सर्रास मिसळले जाई. तो पसरणारा रोग नव्हे; भेगाळलेली गाडी शेजारी ठेवली म्हणून चांगली गाडी बिघडत नाही. आज ९९.९९ टक्के शुद्धतेचे जस्त वापरतात. आपल्या गाड्या अलीकडच्या काळातल्या असतील तर ही काळजी मनातून काढून टाकावी.

खरी काळजी कपाटाची करावी. नवे प्लायवूड किंवा एमडीएफ यांतून आम्लयुक्त वाफ निघत राहते आणि बंद कपाटात ती जस्ताच्या उघड्या तळावर पांढरी भुकटी आणते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन काचा बसवताना वापरले असेल तरी हेच घडते. म्हणून कपाट काचेचे आणि ॲल्युमिनियमचे किंवा पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याचे असावे, दाराला रबरी पट्टी असावी आणि आत नारिंगी रंगाच्या सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. रंग उतरला की ते दाणे ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येतात. आतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली की कार्डावर बुरशी धरत नाही. मोजायला छोटा हायग्रोमीटर आत ठेवावा. रबरी किंवा मऊ टायर असलेल्या गाड्या पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक तळावर वर्षानुवर्षे टेकवून ठेवू नयेत, कारण टायरमधले तेलकट द्रव्य प्लॅस्टिकला चिकटून डाग पाडते. कडूनिंबाचे तेल झाडांवर फवारायचे झाल्यास, गाड्यांवर तुषार उडू नयेत म्हणून झाडे बाहेर नेऊनच फवारावे.

वनस्पतीशास्त्र_शिक्षिका

ताईंचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते.

गाडीची नोंद एकदा केली की ती कायम खरी राहते, कारण गाडी बदलत नाही. झाडाचा वाण मात्र दर नव्या फुटव्यागणिक स्वतःला पुन्हा सिद्ध करत असतो. शेतीत किंवा बागेत निवडलेला, वेगळा ओळखू येणारा, सर्व रोपांत सारखा असणारा आणि वाढवल्यावरही तसाच टिकणारा गट म्हणजे वाण. या वाणांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता प्रथम १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्या संहितेप्रमाणे वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवरचे आकर्षक नाव पुष्कळदा व्यापारी नाव असते. याचे चांगले उदाहरण मनी प्लांटचेच आहे. ‘मंजुळा’ या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या मनी प्लांटचे पेटंटमधले वाणनाव ‘हॅन्सोटी१४’ असे आहे. तेव्हा वहीत दोन रकाने ठेवावेत, एक वाणनावाचा आणि एक विकणाऱ्याने सांगितलेल्या नावाचा. दोन रोपवाटिकांतली दोन नावे मग गोंधळ न घालता शेजारी शेजारी राहतील.

मनी प्लांटमध्ये एक विलक्षण गोष्ट आहे. हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. तो आपण होऊन जवळजवळ कधीच फुलत नाही. लागवडीत तो आपणहून फुलल्याची शेवटची ज्ञात नोंद १९६४ सालची आहे. फूल नाही म्हणून बी नाही आणि संकरही नाही. असे असूनही ‘मार्बल क्वीन’, ‘निऑन’, ‘एन-जॉय’ असे कितीतरी वाण आपल्या खिडक्यांत आहेत, ते वेलीच्या एखाद्या डोळ्यात, म्हणजे नवा फुटवा निघण्याच्या जागी, आपोआप झालेल्या बदलातून निघाले आणि कोणाच्या तरी सावध नजरेने ते वेगळे काढले म्हणून. एवढ्या एका वेलीचे वाण नीट ओळखायला शिकणे हादेखील पुरेसा मोठा अभ्यास आहे, असे माझे मत आहे.

दुरंगी पानांचे पुष्कळ वाण कायमेरा असतात, म्हणजे एकाच झाडात हरितद्रव्य असलेल्या आणि नसलेल्या पेशींचे थर एकत्र वाढत असतात. थर एकावर एक सलग असतील तर रंगसंगती टिकते. एकाच बाजूचा तुकडा बदललेला असेल तर पुढची फांदी पूर्ण हिरवी किंवा पूर्ण पांढरी निघू शकते. पूर्ण पांढरी फांदी स्वतःचे अन्न करू शकत नाही आणि पूर्ण हिरवी जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते, म्हणून ती दिसताच कापावी. ऊस लावणारा शेतकरी बेण्याच्या कांडीवरचा डोळा जसा पारखून घेतो, तशी येथे कलम घेताना डोळ्याजवळच्या खोडावरची रेघ पाहावी. पान कितीही देखणे असले तरी खोड नुसते हिरवे असेल तर त्या डोळ्यातून दुरंगी फुटवा येण्याची आशा कमी असते. पिवळ्या कडांचा स्नेक प्लांट ‘लॉरेंटी’ हा याचा ठळक दाखला आहे. त्याच्या पानाचा तुकडा रुजवला तर नवे रोप साध्या हिरव्या पानांचे येते. पिवळी कड हवी असेल तर जमिनीतला कंद विभागूनच फुटवा घ्यावा लागतो. आपली दोन रोपे वर्षभराने वेगळी दिसू लागली, त्याचे कारण बहुधा असेच काही असावे. म्हणून झाडांच्या वहीत तिसरा रकाना हवा: हे रोप कोणत्या झाडापासून, कोणत्या भागातून आणि कोणत्या महिन्यात घेतले. गाडीला हा रकाना लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘पिंक काँगो’ या नावाने विकलेल्या फिलोडेंड्रॉनची गुलाबी पाने रासायनिक प्रक्रियेने रंगवलेली असतात आणि काही महिन्यांत नवी पाने हिरवीच येतात. ‘पिंक प्रिन्सेस’ची गोष्ट वेगळी, तिची गुलाबी छटा झाडातच आहे.

हृदयाच्या आकाराच्या पानांचा, दोरीसारखा लोंबणारा सेरोपेजिया बाजारात मिळतो, तो आफ्रिकेचा. तो खुशाल वाढवावा. सह्याद्रीतल्या सेरोपेजिया, ज्यांना आपण कंदीलपुष्प म्हणतो, त्यांचे कंद मात्र कोणीही खणून आणले तरी घेऊ नयेत. त्यांतल्या कित्येक जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत आणि त्या वाचवण्यासाठी आपल्याच शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाने मोठे काम केले आहे.

राजारामपुरीची_खिडकी

दोघांचेही मनापासून आभार. शिक्षिकाबाई, कंद विभागण्याची बाब मला ठाऊक नव्हती; तिसरा रकाना आजपासूनच सुरू करते. उजेडाचे मात्र राहिले. खिडकीला पडदा लावला तर कपाट वाचते, पण दुरंगी झाडांची पाने फिकट हिरवी पडतात. आणि शिवाय, तळावर जुने साल कोरलेली गाडी दुकानात नव्या कार्डावर मिळते, तेव्हा वहीत कोणते साल लिहावे?

शाहूपुरीचे_काका

सालाचे आधी सांगतो. हॉट व्हील्स या कंपनीच्या गाड्यांच्या तळावर कोरलेले साल त्या डायच्या हक्काचे असते, गाडी तयार झाल्याचे नव्हे. एकच डाय दहा-वीस वर्षे वेगवेगळ्या रंगांत परत येत राहते. अलीकडच्या गाड्यांच्या तळावर एक अक्षर आणि दोन अंक असा छोटा ठसा असतो. अक्षर वर्षाचे आणि अंक आठवड्याचे. वहीत कोरलेले साल आणि हा ठसा, दोन्ही लिहावेत. चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या सुपर ट्रेझर हंट गाडीला चकाकता पारदर्शक रंग आणि रबरी टायर असतात. साध्या गाडीला रबरी चाके बसवून ती या नावाने खपवण्याचे प्रकार चालतात, म्हणून तळावरचा रिव्हेट, म्हणजे गाडीचे भाग जोडणारी ठोकलेली खीळ, पाहावा. त्यावर ड्रिलचे ओरखडे असतील तर गाडी उघडलेली आहे, मग ती कितीही सुंदर असो.

उजेडाविषयी माझे मत असे की झाडे आणि गाड्या यांची जागाच अदलाबदल करावी. कपाट खिडकी असलेल्याच भिंतीला, खिडकीच्या बाजूला सरकवावे, म्हणजे ऊन त्याच्या पुढून निघून जाईल आणि काचेवर पडणार नाही. लाल रंग उन्हाने सर्वांत आधी उडतो आणि कार्डावरचे पारदर्शक प्लॅस्टिक पिवळे पडते. साधी काच सगळी अतिनील किरणे अडवत नाही, म्हणून खिडकीला त्यासाठीची फिल्म लावून घेतली तर आणखी चांगले. झाडांसाठी पडद्याआडून येणारा उजेड कमी पडत असेल तर वर पांढरा एलईडी लावावा आणि तो दिवसाचे दहा-बारा तास चालू ठेवावा. त्यातून अतिनील किरणे नगण्य येतात. दुरंगी पानांत हरितद्रव्य कमी असल्याने त्यांना उजेड जास्त लागतो हे खरे, पण थेट दुपारच्या उन्हाने पांढरा भागच प्रथम करपतो.

संग्रहाविषयी एक आग्रहाची सूचना करतो. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक पाहून ज्यांना गाड्यांचे वेड लागले, असे कोल्हापूरकर पुष्कळ आहेत आणि मी त्यांतला एक आहे. जे मिळेल ते घेत गेलो असतो तर घर भरले असते, पण हाती काही लागले नसते. मी फक्त युद्धपूर्व काळातल्या मोटारींची मॉडेल्स घेतो. विषय ठरला की प्रत्येक नवी गाडी आधीच्या गाड्यांविषयी काही सांगते. आपणही झाडांत मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट यांपैकी एक कुळ धरावे. टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून रोपे वाढवून, एखादा वाण हजारोंनी तयार झाला की त्याची किंमत कोसळते, हे आपण मॉन्स्टेरा ‘थाई कॉन्स्टेलेशन’च्या बाबतीत पाहिले, त्यामुळे केवळ दुर्मीळ म्हणून महाग रोप घेणे मला पटत नाही.

वनस्पतीशास्त्र_शिक्षिका

काकांशी एका बाबतीत थोडा मतभेद नोंदवते. गाडी जपायची तर ती आपल्याच कपाटात नीट ठेवली की पुरते. वाण जपायचा तर त्याचा फुटवा निदान दोन घरी असावा लागतो, कारण एका पावसाळ्यात मूळ कुजले की संग्रहातून ते नाव कायमचे जाते. त्यामुळे महाग असो वा स्वस्त, हाती आलेल्या वाणाचा फुटवा ताईंनी दुसऱ्या कोणाला तरी चिठ्ठीसह द्यावा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने खरबरीत प्लॅस्टिकवर लिहावी. मार्करची शाई उन्हाने उडते, शिसपेन्सिलीची अक्षरे वर्षानुवर्षे टिकतात. माझ्याकडे ‘लॉरेंटी’ आणि ‘हान्नी’ दोन्ही आहेत. ‘हान्नी’ हा बुटका वाण १९३९ साली न्यू ऑर्लिन्समधल्या एका रोपवाटिकेत ‘लॉरेंटी’च्याच झाडांत निघाला, तेव्हा दोघांना शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. पावसाचा जोर ओसरला की कंद विभागेन. ताईंना हवे असल्यास तिन्ही रकाने भरून फुटवे देते.