मदत हवी आहे : ग्रंथालयासाठीच्या विक्रीकराला 'हो' का म्हणावे, हे मराठी मतदारांना कसे पटवावे?

नमस्कार. मी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो काउंटीत राहतो. येथील सार्वजनिक ग्रंथालयांना 'मेझर बी' (मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) या विक्रीकराचा मोठा आधार आहे. मतदारांनी तो १९९८ मध्ये मंजूर केला, २००४ आणि २०१२ मध्ये त्याची मुदत वाढवली, आणि ही मुदत २०२९ मध्ये संपते. पुढे तो चालू राहायचा तर पुन्हा कौल घ्यावा लागतो, आणि काउंटीने मांडलेल्या, एकाच कामासाठी राखीव असलेल्या अशा कराला दोन तृतीयांश मते लागतात. एका 'नाही'ची भरपाई दोन 'हो' करतात, म्हणूनच आपल्या चार घरांची मतेही मला मोलाची वाटतात. सार्वजनिक पैशातून प्रचार करता येत नसल्याने घरोघर जाण्याचे काम आम्हा रहिवाशांवरच येते.

अडचण अशी, की आमच्यातील एक काका, जे गावाकडे वाचनालयाच्या कार्यकारिणीवर अनेक वर्षे होते, ठामपणे म्हणाले, "वाचनालय सरकारने चालवावे, लोकांवर कर कशाला?" त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात ग्रंथालय उपकर नाही. अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळते, आणि त्याच्या हप्त्याची वाट पाहण्यात काकांची उमेद गेली. पण शेजारच्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यातच मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. ग्रंथालयाला स्वतःचे हक्काचे उत्पन्न असावे, हा विचार आपल्याकडेही परका नाही, असे मला मनापासून वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : विक्रीकराचा भार गरिबावर जास्त पडतो. तो मी नाकारत नाही. मात्र हा कर एक अष्टमांश टक्का आहे, म्हणजे ८० डॉलरच्या मिक्सरमागे १० सेंट. शिवाय डाळ, तांदूळ, भाजी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे यांवर विक्रीकर लागतच नाही. हे सांगितल्यावर काकांनी खिशातून दुकानाची पावती काढली, चष्मा लावून कराची ओळ शोधली, आणि बराच वेळ ते गप्प राहिले. होकार मात्र दिला नाही.

सोनोमा किंवा स्टॅनिस्लॉस काउंटीतही ग्रंथालयांसाठी असाच कर आहे. तेथे आपल्यापैकी कोणी प्रचारात काम केले असल्यास, ज्येष्ठांना कोणता मुद्दा पटला, हे कृपया सविस्तर लिहावे. मराठीत केलेले पानभर टिपण कोणाकडे असेल, तर तेही हवे आहे.