एमव्हीए झालं, प्रेस सुटली. घरून छापचित्रं कशी चालू ठेवू?

दांडियाबाजारची शाई:
नमस्कार. पुष्पबागेतून, म्हणजे इथल्या, बडोद्याच्या म. स. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून, ग्राफिक आर्ट्समध्ये, म्हणजे छापचित्रांत, एमव्हीए (दृश्यकलेतली पदव्युत्तर पदवी) संपलं. लॉकरची किल्ली परत केली आणि हातातली प्रेस, म्हणजे छापायचं यंत्र, गेली. पेंटिंगवाले मित्र घरी कॅनव्हास ताणून कामाला लागलेत. मी एचिंगवाली, म्हणजे धातूच्या पत्र्यावर अ‍ॅसिडनं चित्र कोरून छापणारी, माझे जस्ताचे पत्रे वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली पडलेत. घर वाड्यातला वरचा मजला, आजीला दमा, म्हणजे अ‍ॅसिड आणायचा प्रश्नच नाही. बाबा म्हणतात बी.एड. कर, शाळेत लाग. त्यात वाईट काही नाही, पण हात सुटेल याची फार भीती वाटते. घरून छापता येतं का? नोकरी सांभाळून छापणारं इथे कुणी आहे का?

फतेगंजकर मावशी:
आहे ना, मी आहे. याच विभागातून बाहेर पडले, तेव्हापासून शाळेत चित्रकला शिकवते आणि छापतेही.

आधी प्रेसचं बघू. एचिंगमध्ये शाई पत्र्याच्या खोबणीत बसते, ओलसर कागद तिथपर्यंत दाबून घुसवावा लागतो, म्हणून प्रेसशिवाय गत्यंतर नाही. लाकूड आणि लिनोत (कोरायच्या लिनोलियममध्ये) शाई वरच्या पृष्ठभागावर असते, डावाच्या पाठीनं घासलं तरी छाप उठते. तेव्हा घरी लाकूड कोर आणि एचिंगसाठी बाहेरची प्रेस शोध. आपल्या शहरात ‘छाप’ ही मुद्राचित्रणाची कार्यशाळा 1999 पासून आहे, तिथे जाऊन चौकशी कर. घरी कागद पातळ घे. कॉलेजातल्या जाड 300 जीएसएम कागदावर डावानं घासून हात दुखतो आणि छाप फिकी येते.

पत्र्यांना नायट्रिक अ‍ॅसिडच हवं असं नाही. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि मीठ पाण्यात विरघळवलं तरी जस्त खाल्लं जातं, नायट्रिकसारखा तांबूस धूर येत नाही. पत्र्यावर तांब्याचा गाळ साचतो, तो मऊ ब्रशनं काढत राहायचं. तरी हे गच्चीवरच, हातमोजे घालून. उरलेलं पाणी मोरीत किंवा झाडांना अजिबात ओतू नकोस, तांबं घातक असतं.

पण प्रेसपेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. कॉलेजात कागद उचलला की शेजारची येऊन सांगायची, “इथे शाई पुसायला कमी पडलंस.” ते डोळे बाहेर मिळत नाहीत आणि मग काम हळूहळू थांबतं. माझ्या वर्गातले चांगले चांगले हात असे थांबलेले मी पाहिलेत. तू आत्ताच, सगळे पांगायच्या आधी, चार-पाच जणांना धर. प्रत्येकानं ठरलेल्या तारखेला सगळ्यांना पुरेल एवढी एडिशन, म्हणजे एकाच चित्राच्या तेवढ्या प्रती, काढायची आणि एकमेकांना एकेक प्रत द्यायची. बाहेरगावी गेलेल्याला पोस्टानं पाठवा. पेंटिंगवाल्याला स्वतःचं चित्र असं वाटता येत नाही, आपल्याला येतं! आमचा गट असाच टिकला, आणि त्या तारखेमुळेच मी परीक्षांच्या दिवसांतही लाकडाला हात लावते.

नोकरीला घाबरू नकोस. चित्रकार भूपेन खख्खर 1962 मध्ये आपल्या गावात कलासमीक्षा शिकायला आले. त्यांनी बरीच वर्षं हिशेबनिसाची नोकरी करत चित्रं काढली.

राजवाडा चौक, इंदूर:
मावशींच्या गटाच्या कल्पनेला पूर्ण पाठिंबा. बी.एड.बद्दल मात्र मला वेगळं वाटतं. पूर्णवेळ शाळा लगेच धरू नका, अर्धवेळ क्लास चालतील, कारण कॉलेज सुटल्यानंतरची पहिली दोन वर्षं फार मोलाची असतात. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते: वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. पंचविशी उलटली असेल तर ज्युनिअर फेलोशिप, 40 वर्षांपर्यंत, महिना 10,000. एवढ्यात घर चालत नाही, पण कागद, शाई आणि प्रेसचं भाडं निघतं. बाबांशी बोलायलाही हातात काहीतरी असतं.

साधनांची अडचण असेल तर आमच्या इंदूरच्या विष्णू चिंचाळकर गुरुजींचं काम जरूर बघा. वाळकी पानं, काड्या, टाकाऊ वस्तू यांतून त्यांनी काय काय उभं केलं! ते इंदूरचे कलाशिक्षक देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. त्याच मास्तरांकडे शिकलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे 1950 मध्ये तुमच्या फाइन आर्ट्सला शिकवायला आले.

दांडियाबाजारची शाई:
दोघांचेही मनापासून आभार. माझं चोविसावं चालू आहे, म्हणजे अर्ज आत्ताच करायला हवा. दोन मैत्रिणींना मेसेज केला, दोघी तयार आहेत, पहिली तारीख दिवाळीनंतरची ठरवतोय. मावशी, घरी कोरायला कुठलं लाकूड घेऊ?

फतेगंजकर मावशी:
सुरुवातीला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) घे, स्वस्त पडतं. त्याला रेषा नसतात, त्यामुळे हत्यार कुठल्याही दिशेला फिरतं. फक्त भुसा फार बारीक उडतो, तेव्हा गच्चीवर मास्क लावून कोर आणि कपडे झटकूनच आजीच्या खोलीत जा. हात बसला की साधं प्लाय आण, त्याच्या रेषा छापेत उतरतात आणि फार सुंदर दिसतात. पहिली एडिशन निघाली की इथे फोटो टाक, मला बघायचीय.