कानात धपधप होतं, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल

पोळीवाली_मिरज

नमस्कार मंडळी. वय ४६. मिरजेत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचला तवा चढतो तो दुपारी दोनलाच उतरतो. हे सांगायचं कारण, माझा सगळा दिवस स्टीलची ताटं, पराती, मिक्सर आणि एक्झॉस्ट फॅन ह्यांच्या खणखणाटात जातो.

पावसाळा सुरू झाला तेव्हापासून डाव्या कानात आवाज येतोय. शिट्टी नाही, किर्र नाही. धप. धप-धप. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम धप-धप-धप-धप. वरच्या मजल्यावर कुणी गोधडी झोडपतंय असं वाटतं. पहिल्या दिवशी तर मी जिना चढून बघून आले, वरच्या खोलीला कुलूप.

कुणाच्या हातून ताट निसटलं की हमखास येतं. तोंड धुताना डाव्या गालाला हात लागला तरी येतं. आणि रात्री घर शांत झालं की विचारूच नका.

आत्तींना (सासूबाई) वाटलं कानात गोम शिरली. मिठाचं कोमट पाणी घेऊन मागे लागल्या होत्या, कशीबशी सुटले. ह्यांनी माझ्या कानाला कान लावला, म्हणाले काही नाही, तू उगीच विचार करत बसतेस. कान-नाक-घसा डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, पडदा चांगला, मळ नाही. बंद खोलीत हेडफोन घालून ऐकण्याची तपासणी करतात तीही झाली, ग्राफ नॉर्मल. बीपी १२८/८४. "घरी टेन्शन आहे का?" असं विचारलं. म्हटलं, साठ डब्यांचं टेन्शन रोजचंच आहे, ते काय पावसाळ्यात आलं होय? शेवटी चक्करवरची गोळी दिली. मला चक्कर येतच नाही.

हे अजून कुणाला झालंय का? आणि झालं असेल तर झोपता कसं तुम्ही? डोक्यात एखादी शीर फुटायच्या बेतात आहे असं रात्री दोनला वाटत राहतं, आणि सकाळी पोळ्या वातड होतात.

घाटमाथा

ताई, आधी एक करा. आवाज चालू असताना मनगटावर नाडी धरा. धप आणि नाडीचा ठोका बरोबर पडतात का बघा. मग जिना चढून या आणि परत बघा. नाडी वाढली की धपधपही तेवढीच वाढते का? डॉक्टरांनी हे विचारलं नसेल तर तुम्हीच सांगायचं, कारण इथून दोन वाटा फुटतात.

आमच्या सौ.चा आवाज अगदी नाडीबरोबर होता. आम्ही कानाचेच डॉक्टर धरून बसलो होतो. नंतर एका फिजिशियनने डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ७.१. पाळीत अंगावरून खूप जायचं, पण ती कुणाला बोलली नव्हती. रक्त कमी झालं की हृदय जोरात पंप करतं, मानेतून रक्त जास्त वेगाने जातं आणि ती खळखळ कानाला ऐकू येते, असं त्यांनी सांगितलं. शिरेतून लोह दिलं, पाळीचा इलाज केला, आवाज गेला. थायरॉइड वाढलेला असला तरी असं होऊ शकतं म्हणे. तेव्हा सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन) आणि टीएसएच (थायरॉइड) ह्या रक्ताच्या तपासण्या करून टाका, फार खर्च नाही.

अनुभवसिद्ध

तिळाच्या तेलात लसणाच्या पाकळ्या काळ्या होईपर्यंत तळा, तेल कोमट झालं की रात्री दोन थेंब कानात, वर कापूस. आमच्या आजीचा उपाय. वात आहे हा. आठ दिवसांत फरक नाही पडला तर सांगा.

गोदाकाठची

मी मूळची पैठणची, आता बंगळूरला असते. माझाही आवाज नाडीबरोबर यायचा, पण धप नाही, शूऽक् शूऽक्. उजव्या बाजूला मानेवर जबड्याखाली हलकेच बोट दाबलं की बंद, सोडलं की सुरू. सोबत डोकेदुखी होती, आणि खाली वाकून उठले की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार. ह्या दोन गोष्टी मी कानाच्या डॉक्टरांना सांगितल्याच नव्हत्या. कानाचा आणि डोळ्याचा संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येतं?

चष्म्याचा नंबर बदलायला गेले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत बघितलं आणि लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे धाडलं. डोळ्याच्या मागच्या नसेला सूज होती. एमआरआय झाला, सोबत मेंदूच्या शिरांचा एमआरव्ही, मग पाठीच्या कण्यातून पाणी काढून दाब मोजला. डोक्यातला दाब वाढलेला होता. अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या आणि वजन कमी करणं, हाच इलाज. गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि सोडा पाण्यासारखा लागतो, पण नजर वाचली. हा आजार वजन जास्त असलेल्या तरुण बायकांत जास्त दिसतो.

घाबरवायला लिहीत नाहीये. ताई, डोकं दुखतं का, दिसायला अंधुक होतं का, एवढं मात्र सांगा.

कर्णोपकर्णी

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करणारी, आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही.

सगळ्यात आधी: कानात तेल नको. पडद्याला बारीक भोक असेल तर तेल सरळ मधल्या कानात जातं आणि पू होण्याची सोय होते. अनुभवसिद्ध, राग मानू नका. कानात लसूण घालून कातडी भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि जो आवाज पडद्याच्या मागून येतो, त्यावर पडद्याच्या पुढे ओतलेलं तेल काय करणार?

पोळीवाली ताई, ताट आपटलं की येतो, गालाला हात लागला की येतो, ही माहिती लाखाची आहे. शाळेत शिकलेली हातोडी, ऐरण, रिकीब आठवतात ना? त्यांना दोन इवलेसे स्नायू जोडलेले असतात. एक हातोडीला, टेन्सर टिंपनाय. दुसरा रिकिबीला, स्टॅपिडियस. हा दुसरा शरीरातला सगळ्यात छोटा हाडाला जोडलेला स्नायू, जेमतेम ६ मिलिमीटरचा. मोठा आवाज झाला की स्टॅपिडियस आखडून रिकीब आवळतो, म्हणजे आतल्या कानाला धक्का कमी बसतो. टेन्सर टिंपनाय दचकल्यावर आणि चावताना आखडतो. त्याची नस चेहऱ्याच्या स्पर्शाच्याच नसेची फांदी, म्हणून गालाचा आणि त्याचा संबंध. स्टॅपिडियसची नस पापणी मिटणारी.

आता हे स्नायू कारण नसताना फडफडायला लागले तर? पडदा आणि हाडं हलतात, आणि तुम्हाला धपधप, फडफड, टिकटिक असं काहीतरी ऐकू येतं. डोळे करकचून मिटून बघा. काही जणांना तेवढ्यानेही कानात खोल घुमल्यासारखं ऐकू येतं, तो ह्याच स्नायूंचा आवाज. ऐकू येण्याच्या तपासणीत हे दिसत नाही, कारण तुमचं ऐकणं चांगलंच आहे.

टिम्पॅनोमेट्रीत दिसू शकतं. बोलताना सगळे इम्पिडन्स म्हणतात. कानात रबरी टोपीची नळी बसवून पडदा किती हलतो ते मोजतात. नेहमीची तपासणी काही सेकंदांत उरकते, तेवढ्यात धपधप आली नाही तर ग्राफ सरळच येणार. तपासणाऱ्याला सांगा, रिफ्लेक्स डिकेच्या (स्नायू किती वेळ आखडून राहतो ते बघायच्या) सेटिंगवर जरा जास्त वेळ रेकॉर्ड करा, आवाज आला की मी बोट वर करते. तोंडातली टाळू फडफडतेय का तेही टॉर्च मारून बघायला सांगा, त्यानेही कानात टिकटिक होते.

आणि हे नीट वाचा: आवाज नाडीबरोबर असेल, विशेषतः एकाच कानात, तर स्कॅनबद्दल डॉक्टरांशी बोलणं टाळू नका. डोकं दुखणं, अंधुक दिसणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, ह्यातलं काहीही सोबत असेल तर थांबू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी दाखवा. त्यात स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो, "सर्दीने दडा बसला असेल" म्हणून वाट बघण्यात लोक कान घालवतात.

पोळीवाली_मिरज

केवढं लिहिलंत सगळ्यांनी!

डोकं दुखत नाही, दिसायला नीट आहे. नाडी बघितली. डब्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले, धप आली की रेघ, नाडीला टिंब. अजिबात जुळत नाही. नाडी आपली सरळ चालते, धपधप मात्र मनाला येईल तेव्हा. चार रेघा एकदम, मग टिंबंच टिंबं. गोदाकाठची ताईंसारखं मानेवर बोट दाबूनही काही फरक नाही.

हिमोग्लोबिन ११.२, थायरॉइड ठीक. आत्ती म्हणतात गोम जिवंत आहे.

निवृत्त_लाइनमन

ताई, तुम्ही विचारलं होतं झोपता कसं. बाकीचे आजारावर बोलले, मी झोपेवर बोलतो. मला हे फडफडणं वर्षानुवर्षं आहे, उजव्या कानात, येतं-जातं.

खोली शांत ठेवायची नाही. आपण उलट करतो, दार-खिडक्या लावतो, पंखा बंद करतो आणि कान टवकारून पडतो. माझ्याकडे जुना काटा फिरवायचा रेडिओ आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवायचा, नुसती खरखर, तीही बारीक. आवाज झाकून टाकायचा नाही, त्याच्या जोडीला दुसरा ठेवायचा. मिसेस आधी वैतागली, आता तिला खरखरीशिवाय झोप येत नाही हा वेगळाच ताप. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला तरी चालतं.

दुसरं, कापसाचे बोळे घालून फिरू नका. मी ते उद्योग केलेत. दिवसभर कान बंद ठेवले की कान आणखी हळवा होतो आणि चमचा पडला तरी दचकायला होतं. मिक्सर चालू असेल तेवढ्यापुरतं कान झाका, मग काढा.

तिसरं, आहे का गेला म्हणून तपासत बसू नका. तपासलं की असतोच. चहा-कॉफीचं म्हणाल तर माझं कॉफीने वाढायचं, भावाला असंच आहे त्याला काही फरक पडला नाही. स्वतःचं स्वतः बघायचं.

पोळीवाली_मिरज

खूप दिवसांनी येतेय. गणपती, मग पितृपंधरवडा, डब्यांची झुंबड होती.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. वहीचं पान पुढे केलं. त्यांनी ते नीट वाचलं, आधी मला तेच बरं वाटलं. मग इम्पिडन्स, कर्णोपकर्णी ताईंनी सांगितलं तसं जास्त वेळ. बसले तर धपधप यायचं नाव नाही! माझंच मला ओशाळवाणं व्हायला लागलं. मग मशीनवरच्या पोरीने विचारलं, काय केल्यावर येतं? म्हटलं गालाला हात लावा. तिने कापसाचा बोळा गालावरून फिरवला आणि धप आली. मी बोट वर केलं, आणि मशीनच्या पडद्यावरची सरळ रेघ तिथल्या तिथे कंगव्यागत दातेरी झाली. परत बोळा फिरवला, परत दाते. हे बाजूच्या स्टुलावर बसले होते. काही बोलले नाहीत, पण घरी येताना स्कूटर खड्ड्यांतून फार जपून चालवली.

डॉक्टर म्हणाले, मधल्या कानातला स्नायूच आहे, त्यातही टेन्सर टिंपनायचा संशय जास्त. नाडीबरोबर नाही, ऐकणं दोन्हीकडे सारखं, बाकी त्रास नाही, म्हणून स्कॅन आत्ता नको. काही बदललं तर करू. बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं, टोकाला गेलं तर त्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) कापायची शस्त्रक्रिया असते, पण तिथवर फार कमी लोक जातात. रात्री अर्धी क्लोनाझेपामची (स्नायू सैल करणारी, गुंगीची) गोळी दिलीय, थोड्याच दिवसांसाठी. मॅग्नेशियमचं विचारलं, तर म्हणाले लोक घेतात, ठाम पुरावा नाही, किडनी चांगली असेल तर बघू.

केंद्रात ताटं रचायच्या ओट्यावर गोणपाट अंथरलंय. पराती एकमेकींत ठेवताना मध्ये फडकं. एवढ्याने खणखणाट निम्मा झाला, कामाच्या बायकाही म्हणतात बरं वाटतं. मिक्सरसाठी कानावर बसणारे मफ घेतले, कारखान्यात वापरतात ते. गिऱ्हाईकं हसतात.

धपधप अजून आहे. पंखा भिंतीकडे करून झोपते. आली तरी शिरेची आठवण होत नाही आता, त्या बारक्या स्नायूला दोन शिव्या घालते आणि कूस बदलते.

कर्णोपकर्णी

छान झालं ताई. एकच राहिलं. क्लोनाझेपामची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते आणि तुमचा तवा पाचला चढतो. गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना तव्याची वेळ सांगून विचारा, उशिरा झोपायची वेळ आली तर त्या रात्री काय करायचं तेही. आणि ती मनाने एकदम बंद करू नका, त्यांच्या सांगण्यानेच हळूहळू कमी करायची.

पोळीवाली_मिरज

विचारलं. नऊच्या आत घ्यायची म्हणाले. पहिले थोडे दिवस तळणाचं काम जाऊबाई बघतील, मी कणकेवर.